मंत्राने शीड फुगवावे का? नदीप्रवास आणि जादूच्या कुमार-कादंबऱ्यांविषयी

मूळ मत (खानापूर)

शिडाच्या होडीतून दूरदेशी निघालेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, तिच्या अंगात जागी झालेली जादू आणि तिच्या मागावरची माणसे, अशा कथानकाच्या कादंबऱ्या आपल्या भागातील मुलेही आता आवडीने वाचतात. त्यांतल्या अनेकींत एक प्रसंग ठरलेला असतो. वारा पडतो, शत्रूची नाव जवळ येते, आणि नायिका मंत्र म्हणून शीड फुगवते. माझ्या मते त्या क्षणापासून ती कादंबरी नदीवरची राहत नाही. तीच गोष्ट मग घोड्यावर बसवून सांगितली तरी काही बिघडत नाही.

नदीत शीड चालवायचे म्हणजे वारा आणि प्रवाह या दोघांशी एकाच वेळी जुळवून घ्यायचे. नाईल उत्तरेकडे वाहते आणि तिच्यावरचा वारा बहुतेक काळ उत्तरेकडूनच येतो, म्हणून तेथील नावाडी वर जाताना शीड उभारीत आणि खाली येताना ते उतरवून प्रवाहाबरोबर येत. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड उभारलेली नाव आणि उत्तरेच्या प्रवासासाठी बिनशिडाची नाव दिसते. आपल्याकडे नेमके उलटे आहे. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा पूर्वेकडे वाहतात, आणि पात्र भरलेले असते त्या पावसाळ्यात वाराही पश्चिमेकडूनच येतो. जाताना दोघेही सोबतीला, परतताना दोघेही विरोधात. पुढे थंडीत पूर्वेचा वारा सुटतो तेव्हा पाणी ओसरून पात्रातले खडक उघडे पडू लागलेले असतात. उगमाजवळच्या कनकुंबीहून मलप्रभेने निघालेली मुलगी कृष्णेच्या संगमावर, कुडलसंगमाला पोचेल, पण घरी कशी येईल? लेखकाला याहून चांगला पेच कोठे मिळणार आहे? जादू अवश्य असावी, परंतु तिने हा पेच अधिक अवघड करावा, तो चुटकीसरशी सोडवू नये.

प्रतिसाद (बेळगाव)

आपले भूगोलाचे विवेचन मला आवडले, तरीही निष्कर्ष मान्य नाही. मी शाळेत शिकवते. तेरा वर्षांच्या मुलाच्या दिवसातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते: कोणत्या माध्यमात शिकायचे, कोणत्या शिकवणीला जायचे, सुट्टीत कोणाच्या गावी जायचे. अशा मुलाला आपल्या हाकेसरशी वारा धावून येतो हे वाचताना जे सुख होते ते थिल्लर नाही; त्याच सुखासाठी ते चारशे पानांचे पुस्तक हाती धरते. शिवाय आपली स्वतःची परंपरा काय सांगते? बाळकृष्णाला टोपलीत घेऊन निघालेल्या वसुदेवाला यमुनेने वाट दिली, ही कथा ऐकताना आपल्यापैकी कोणीही पाण्याच्या वेगाचा हिशेब मागितला नाही, आणि म्हणून ती नदीची कथा राहिली नाही असेही झाले नाही.

प्रतिसाद (खानापूर)

वसुदेवाची कथा माझीच बाजू बळकट करते. यमुना आधी चढत जाते, वसुदेवाच्या गळ्यापर्यंत येते, आणि बाळाच्या पायाचा स्पर्श झाल्यावरच ओसरते. तेथे वसुदेव मंत्र म्हणत नाही. नदीला काहीतरी हवे असते, ते मिळाल्यावर ती वाट देते. गावोगावी पाणवठ्यावर सात आसरांना, म्हणजे जलदेवतांना, मानतात आणि नदीची ओटी भरतात, त्यामागेही हीच समज आहे. या कादंबऱ्यांतील नदीला मात्र स्वतःची इच्छा नसते, आणि माझे सारे दुखणे तेवढेच आहे.

प्रतिसाद (अथणी तालुका, कृष्णाकाठ)

आपण दोघेही शिडाविषयीच बोलत आहात. आमच्याकडे नदी ओलांडायची ती वल्ह्याने किंवा लांब बांबूने रेटून, आणि नाव नसेल तेव्हा गुऱ्हाळाची काईल, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात सोडूनही माणसे पैलतीर गाठत. काईल गोल असल्यामुळे तिला नाळ म्हणजे पुढचे टोक नाही, सुकाणू नाही. वजन जरा एका बाजूला गेले की ती जागच्या जागी गरगर फिरते, आणि आत बसलेल्यांना श्वास रोखून मध्यभागी उकिडवे बसून राहावे लागते. माझ्या कादंबरीची नायिका अशा काईलीत बसलेली असेल.

परंतु मला अधिक गंभीर आक्षेप घ्यायचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या काठाची गावे पाण्याखाली गेली. तो पूर पाहिलेल्या मुलांना ‘मुलीने हात उंचावला आणि पूर थांबला’ असे सांगू नये. वर महाराष्ट्रात कोयना धरणातून किती पाणी सोडले आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरणात किती अडवले, यावर दर पावसाळ्यात दोन राज्यांत वाद होतात, कारण एकाच्या दारातून हटवलेले पाणी दुसऱ्याच्या दारात जाते. नायिकेने पूर अडवायचाच असेल, तर तो कोणाच्या अंगावर लोटला हेही त्याच प्रकरणात यावे.

प्रतिसाद (बेळगाव)

हा नियम मला मनापासून पटला, आणि तो वाऱ्यालाही लावता येईल असे वाटते. नायिकेने वारा बोलवावा. मात्र तो दुसऱ्या कोणाच्या तरी शिडातून आलेला असावा, आणि ती नाव तिच्या भावाची असू शकते. म्हणजे मंत्राने शीड फुगेल, आणि मूळ मतकर्त्यांना हवा तो पेचही वाढेल. त्यांची सरसकट बंदी मला तरीही अन्यायाची वाटते.

प्रतिसाद (निपाणी)

परतीच्या वाटेविषयी एक सुचवतो. मलप्रभा आणि म्हादई दोन्ही खानापूर तालुक्यातच उगम पावतात. एक कृष्णेला मिळून पूर्व समुद्राकडे जाते, तर दुसरी गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हादई पश्चिमेकडे वाहत असल्यामुळे तिच्या खालच्या टप्प्यात दुपारचा खारा वारा आणि भरती दोन्ही नावेला प्रवाहाविरुद्ध वर ढकलतात, म्हणजे खानापूरकरांची नाईल त्यांच्याच तालुक्यात उगम पावते. मुलीने पूर्वेला जावे आणि पश्चिमेकडून यावे. घाटाच्या पायथ्याशी नाव सोडून तिला चढून यावे लागेल, आणि पुढच्या वाटेवर ना शीड उपयोगी पडेल ना वाऱ्याचा मंत्र.

प्रतिसाद (खानापूर)

दोन समुद्रांमधला प्रवास तिने कसा केला, हे मात्र मंत्रावर सोपवू नये.