एलएफएस: फाइल समोर दिसतेय तरी सीएचरूट "नो सच फाइल" म्हणतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लिनक्स फ्रॉम स्क्रॅच (एलएफएस, म्हणजे पुस्तक बघून सोर्सपासून स्वतःची लिनक्स बनवणं) करतोय, होस्ट म्हणजे चालू सिस्टीम उबुंटू, वेगळं पार्टिशन /एमएनटी/एलएफएस ला माउंट केलंय. क्रॉस टूलचेन (नव्या सिस्टीमसाठीचा कंपायलर वगैरे) झाली, सहाव्या चॅप्टरमधली टेम्पररी टूल्सही बिल्ड झाली, एरर नाही काही नाही. आता सातव्यात सीएचरूट (ते फोल्डरच स्लॅश, म्हणजे रूट, धरून आत शिरायची कमांड) मारलं की लगेच बाहेर फेकतंय, म्हणे /यूएसआर/बिन/एन्व्ह, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अरे पण फाइल आहे की! एलएस मारलं की दिसते, परमिशन पण ठीक. डेव्ह, प्रॉक, सिस, रन ही कर्नलसाठीची फोल्डरं, सगळं माउंट आहे, मालकीही रूटकडे दिलीय. जो तो म्हणतो पहिल्यापासून बिल्ड कर, पण जीसीसी (कंपायलर) परत करायचं म्हणजे या लॅपटॉपवर रात्र गेली, म्हणून आधी इथे विचारतोय, काय तपासू?

प्रतिसाद १:
थांब, काही पुसू नकोस. ही एरर जाम फसवी आहे. एन्व्ह चालवायला जो डायनॅमिक लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) लागतो तो सापडला नाही तरी कर्नल हेच बोंबलतो. रीडएल्फ मायनस एल लावून एन्व्हचा इंटरप्रिटर, म्हणजे हाच लोडर, बघ, /लिब६४ मधला एलडी-लिनक्स हवा. /टूल्स दिसलं तर जुन्या कमांड मिसळल्यात, एलएफएस ९.१ पर्यंत तसं असायचं, १०.० पासून पद्धत बदलली.

धागाकर्ता:
/लिब६४ च आहे. आणि तिथे फाइलही आहे, कॅट केली तर उघडतेय :(

प्रतिसाद २:
कॅट होस्टवरून केलीस ना, तिथंच गोम आहे. ती फाइल नाही, लिंक आहे, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नुसता बाण. एलएस मायनस एल करून बाण कुठे जातो बघ, डॉट डॉट स्लॅश लिब असा रिलेटिव्ह हवा. /एमएनटी/एलएफएस पासून सुरू होत असेल तर बाहेरून उघडणारच, पण सीएचरूटच्या आत तेच फोल्डर स्लॅश होतं, तिथे /एमएनटी/एलएफएस कुठून येणार!

धागाकर्ता:
अगदी तेच निघालं, एलएन ने लिंक परत केली आणि शिरलो आत!! पण प्रॉम्प्टवर "आय हॅव नो नेम" येतंय, हे काय नवीन?

प्रतिसाद १:
येऊ दे, /ईटीसी/पासडब्ल्यूडी (युजरची नावं असलेली फाइल) अजून बनवलेली नाहीये, पुढे येईलच. रीबूट केलंस तर माउंट परत करावे लागतील, आणि त्याआधी एलएफएस व्हेरिएबल (ज्यात /एमएनटी/एलएफएस हा पत्ता असतो) एको करून बघत जा, रूट असताना ते रिकामं असलं तर कमांड थेट होस्टवर चालतात.