‘मारिमार’ प्रेमासाठी बघतात की सूडासाठी?

सागरगोटा: अभिनेत्री थालियाची ‘मारिमार’ ही १९९४ची मेक्सिकन मालिका परवा पुन्हा बघून संपवली. लोक तिला प्रेमकथा म्हणतात. मला ते पटत नाही. गरीब मारिमारच्या नवऱ्याची, सर्जिओची, सावत्र आई आंखेलिका ब्रेसलेट चिखलात टाकते आणि दातांनी उचलायला लावते. मारिमार गुडघ्यांवर बसते, हनुवटीपर्यंत चिखल. वर चोरीचा आळ! पुढे तीच पोर बेला आल्दामा या नव्या नावाने श्रीमंत होऊन परतते आणि आंखेलिकाला चिखलातून कागद तोंडाने उचलायला लावते. मालिकेचा जीव इथे आहे.

उंबरठा: अजिबात सहमत नाही. मारिमारला बळ कुठून आलं? श्रीमंत बाप सापडला म्हणून. किनाऱ्यावरच्या झोपडीतली मारिमार तशीच राहिली असती तर आंखेलिकाला कुणी हात लावला असता का? आणि सर्जिओने लग्न केलं तेच मुळी घरच्यांना खिजवायला. असल्या माणसाकडे शेवटी परत जायचं, याला न्याय म्हणायचं?

सागरगोटा: बापाचा मुद्दा मान्य, तो सोपा मार्ग आहेच. पण पैसा हातात आला तरी ती चिखल विसरत नाही. तिला वाचायला-वागायला शिकवतात, नवं नाव मिळतं, आणि आतली मुलगी तशीच धुमसत राहते. थालियाचे डोळे बघा त्या वेळचे.

मांडवी: दुबईत माझी रूममेट फिलिपिनो होती. तिच्याकडे ही मालिका १९९६ मध्ये टागालोगमध्ये डब होऊन लागली, थालिया त्याच वर्षी मनिलाला गेली, आणि २००७ मध्ये तिकडे अभिनेत्री मारियन रिवेराला घेऊन रीमेकही आला. तिला विचारलं, एवढं काय होतं त्यात? सूड नाही, प्रेमही नाही. तिला आठवत होता पुल्गोसो, मारिमारचा कुत्रा, जो प्रेक्षकांना ऐकू येईल असं बोलतो! झोपडी जळते, आजी-आजोबा जातात, तेव्हा तिच्याजवळ आपलं म्हणावं असं तेवढंच उरतं. ते सांगताना रूममेटचा आवाज कापरा झाला होता.

उंबरठा: पुल्गोसोबद्दल माझी तक्रार नाही. सर्जिओपेक्षा तोच जास्त इमानी निघाला. सर्जिओला माफी मात्र मी द्यायला तयार नाही.