जुनं जॅमा कॅबिनेट: चित्र खालून दबलंय, गेम मध्येच रिसेट होतो. काय करू?

तीनबटणी

नमस्कार मंडळी. दोन खेळाडूंचं उभं आर्केड कॅबिनेट हाती आलंय. आत १९ इंची पिक्चर ट्यूब, जॅमा हार्नेस (गेम बोर्ड जोडायची, ठरलेल्या मांडणीची वायरिंग), स्विचिंग पॉवर सप्लाय आणि कॅपकॉमचा १९९१ चा 'स्ट्रीट फायटर २' बोर्ड आहे. बरीच वर्षं बंद होतं. चालू केलं तर चित्र येतं, रंगही ठीक आहेत. तक्रारी अशा:

चित्राचा खालचा भाग दबलेला आहे आणि तिथल्या ओळी एकमेकींवर चढतात. दहा-पंधरा मिनिटांत गेम आपोआप पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्या खेळाडूची जॉयस्टिक डावीकडे कधी जाते, कधी नाही. लाथेची तिन्ही बटणं दोन्ही बाजूंना मेलेली आहेत.

सगळं काढून एलसीडी आणि आत एक छोटा संगणक बसवा, असा सल्ला मिळतोय. पण मला त्या काळच्या गेम पार्लरमधलं मशीन हवंय, त्याचं चित्र नव्हे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, मॉनिटरला मात्र कधी हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

---

ड्रायसोल्डर

आधी बंद करा आणि प्लग काढून ठेवा. रिसेट होणारा बोर्ड तसाच चालवत राहिलात तर हार्नेसचा कनेक्टर जळतो.

मेन्सपासून सुरू करा. प्लगच्या अर्थ पिनपासून नाण्याचं दार, कंट्रोल पॅनलचा पत्रा आणि मॉनिटरची फ्रेम, तिन्हीकडे कंटिन्युइटी पाहा. एक ओहमच्या आत यायला हवी. जुन्या मशीनमध्ये अर्थची वायर कापलेली असणं अगदी नेहमीचं. फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळलेला नाही ना, रेटिंग लेबलप्रमाणे आहे ना, तेही बघा. मशीन १०० किंवा ११० व्होल्टच्या देशातून आलेलं असेल तर मॉनिटरचा ट्रान्सफॉर्मर आणि स्विचिंग सप्लाय दोन्ही कोणत्या व्होल्टेजला लावलेत ते वेगवेगळं तपासा. एकाचा स्विच बदलला म्हणून दुसरा बदलत नाही.

मग जॅमा कनेक्टर बोर्डातून काढा आणि सप्लाय एकटा चालू करा. पुष्कळ स्विचिंग सप्लाय लोड नसेल तर खरं व्होल्टेज दाखवत नाहीत, म्हणून +५ आणि ग्राउंडमध्ये ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. एक अँपिअर ओढला जाईल. रेझिस्टर चांगलाच तापतो, लाकडाला टेकू देऊ नका. +५, +१२ आणि −५ मोजा. शिवाय +५ वर मीटर एसी रेंजला लावून बघा. ५०–१०० मिलिव्होल्टच्या वर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) दिसला तर सप्लायचे आउटपुट कपॅसिटर वाळलेत.

हे जमलं की बोर्ड लावा आणि +५ बोर्डावरच मोजा. १४ पायांच्या कुठल्याही साध्या ७४ सिरीजच्या चिपवर १४ नंबरचा पाय +५ आणि ७ नंबरचा ग्राउंड. सप्लायच्या टर्मिनलवरचा आकडा आणि हा आकडा, दोन्ही इथे लिहा. सप्लायवरच्या पोटला, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायच्या स्क्रूला, हात लावू नका.

---

पंधरा_किलोहर्ट्झ

मॉनिटरचं मी सांगतो. खालचा भाग दबणं आणि ओळी चढणं म्हणजे व्हर्टिकल सेक्शनचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेत. ट्यूब चांगली आहे, आणि तीच महत्त्वाची, कारण कपॅसिटर नवे मिळतात, ट्यूब मिळत नाही.

हात घालण्याआधी डिस्चार्ज. १९ इंची रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. प्लग काढा. चांगल्या इन्सुलेशनच्या लांब, चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला वायर क्लिप करा. वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या पाठीला टेकलेल्या उघड्या जाळीदार तारेला. चॅसीच्या (मॉनिटरच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) ग्राउंडला नाही, नेक बोर्डाला (ट्यूबच्या मानेवरच्या छोट्या बोर्डाला) तर मुळीच नाही. दुसरा हात पाठीमागे ठेवून पातं रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूला टेकेपर्यंत. टक् असा आवाज येईल किंवा येणार नाही, दोन्ही चालतं. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा करा. काचेत मुरलेला चार्ज हळूहळू वर येतो. मेन फिल्टर कपॅसिटर वेगळा मोजा. त्यात व्होल्टेज राहिलं असेल तर काही किलो-ओहमच्या वॅटवाल्या रेझिस्टरने उतरवा.

चॅसी काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरचे फोटो. ट्यूबची मान हे सगळ्यात नाजूक ठिकाण. नेक बोर्ड सरळ मागे ओढा, वाकडा करू नका. मान तडकली की हवा शिरते आणि ट्यूब कायमची संपते.

कपॅसिटर १०५ अंशांचे घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त. एक काढा, एक लावा. काही चॅसींवर छापलेली पोलॅरिटी चुकीची असते, तेव्हा जुना कसा बसला होता तो फोटोच खरा धरा. चॅसी बाहेर आहे तोवर फ्लायबॅकचे (हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचे) पाय, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मर आणि सगळे पिन हेडर भिंगाखाली बघा. सोल्डरमध्ये पायाभोवती गोल केसासारखी भेग दिसेल. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा आणि नवं भरा. वरून नुसतं सोल्डरिंग आयर्न लावलं तर ती भेग परत येते.

आणखी एक. या मॉनिटरपैकी बऱ्याच चॅसी मेन्सपासून वेगळ्या केलेल्या नसतात, त्यांना कॅबिनेटमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. कोणी तो काढून टाकलेला नाही ना, हे पॉवर देण्याआधी पाहा.

---

तीनबटणी

धन्यवाद. अर्थ कुठेच जोडलेला नव्हता, तो जोडला. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे. सप्लायवर ५.०८, बोर्डावर ४.७१. रिपल जेमतेम २० मिलिव्होल्ट. सप्लायचा पोट फिरवून बोर्डावर ५.० आणू का?

---

ड्रायसोल्डर

नका आणू. ७४ एलएस चिपांची खालची मर्यादा ४.७५ आहे, तुम्ही तिच्याखाली गेलात म्हणून रिसेट. पण सप्लाय निर्दोष आहे. ०.३७ व्होल्ट वाटेत हरवताहेत. बोर्ड ४ अँपिअर ओढत असेल तर जवळजवळ दीड वॅट उष्णता वायरी आणि कनेक्टरच्या पिनांत जिरतेय. पोट वाढवलात तर आजार तसाच राहील. उद्या कनेक्टर हलला, संपर्क सुधारला, तर तोच बोर्ड ५.३ खाईल. वरची मर्यादा ५.२५ आहे.

हरवलेले व्होल्ट कुठल्या बाजूला आहेत ते शोधा. सगळं चालू असताना एक प्रोब सप्लायच्या +५ टर्मिनलवर, दुसरा चिपच्या १४ नंबरच्या पायावर. जो आकडा येईल तो +५ च्या वाटेतला घट. मग तसंच सप्लायचं ग्राउंड आणि चिपचा ७ नंबरचा पाय. बहुतेक वेळा ग्राउंडची बाजू दोषी निघते, कारण लोकांना ती तपासायची आठवणच होत नाही.

जॅमामध्ये ५६ जागा आहेत, प्रत्येक बाजूला २८. ग्राउंडला १, २, २७, २८ आणि मागच्या बाजूला ए, बी, ई, एफ, अशा आठ जागा. इथली शेवटची ई-एफ ही छोट्या लिपीतली, २७-२८ च्या पाठीमागची. +५ ला ३, ४ आणि सी, डी. यातल्या दोन-तीनच जोडून भागवलेलं हार्नेस भरपूर सापडतं. सगळ्या जोडा, १ चौरस मिलिमीटरच्या वायरीने, आणि सप्लायपर्यंत थेट न्या. बोर्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. सँडपेपर लावलात तर सोनं जाईल. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा स्प्रिंग ढिली असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, कनेक्टरच बदला. ७ नंबरच्या जागी किल्ली (बोर्ड एकाच बाजूने बसू देणारा अडसर) आहे ना, तेही बघून घ्या. ती नसेल तर बोर्ड उलटा बसतो.

लाथेच्या बटणांचं सोपं आहे. जॅमात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं ठरलेली. 'स्ट्रीट फायटर २' ची खालची तीन बटणं बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरवरून येतात, त्याला किक हार्नेस म्हणतात. दोन्ही बाजूंची सहाही मेलीत, म्हणजे ते हार्नेस लावलेलं नाही किंवा त्याचं ग्राउंड तुटलंय.

---

लीफस्विच

डावीकडच्या दिशेसाठी: सप्लाय चालू ठेवून मायक्रोस्विचच्या दोन टोकांमध्ये मोजा. न दाबता साधारण ५ व्होल्ट, दाबल्यावर शून्याजवळ. दाबून १–२ व्होल्ट उरत असतील तर संपर्क काळवंडलेत, स्विच बदला. न दाबताच शून्य असेल तर वायर किंवा बोर्डाचं इनपुट बघा. डावीकडची वायर जॅमाच्या २० नंबरला येते. टेस्ट स्विचने मेनूत गेलात की प्रत्येक इनपुट पडद्यावर दिसतं, खेळून अंदाज बांधायची गरज नाही. ग्राउंडची वायर एका स्विचवरून दुसऱ्यावर साखळीने जाते. एका ठिकाणापुढचं सगळं मेलं असेल तर साखळी तिथे तुटली.

स्विच घेताना टोकं ४.८ मिलिमीटरची की ६.३ ची ते पाहा. बटणांची भोकंही मोजा, जपानी बटणाला ३० मिलिमीटर लागतात आणि अमेरिकी बटण २८.६ चं. लाकूड वाढवता येतं, कमी करता येत नाही.

पुढेमागे या कॅबिनेटात 'पॅक-मॅन'सारखा चार दिशांचा गेम लावलात तर जॉयस्टिकखालची मर्यादा-पट्टी फिरवून चार दिशांवर आणा. आठ दिशांच्या काठीने वळणावर तिरका संपर्क होतो आणि पॅक-मॅन अडतो. माणसं म्हणतात हात बसला नाही, खरं तर काठीच चुकीची असते.

---

फॉस्फर

एलसीडीच्या सल्ल्याबद्दल लिहितोच. हे बोर्ड १५ किलोहर्ट्झचं सिग्नल देतात, चित्र २२४ ओळींचं. ट्यूबवर ओळींमध्ये अंधार राहतो, रंगांच्या कडा किंचित विरघळतात, आणि चित्रकारांनी ते गृहीत धरूनच चेहरे रंगवले होते. एलसीडीवर तेच चेहरे चौकोनी ठोकळे दिसतात. वेगाचाही प्रश्न आहे. सगळे गेम नेमके ६० हर्ट्झवर चालत नाहीत. 'आर-टाइप' ५५ च्या आसपास, 'मॉर्टल कॉम्बॅट' ५५ च्याही किंचित खाली. ६० ला बांधलेल्या पॅनलवर मग काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि सरकणारं दृश्य ठेचकाळतं. ट्यूब बघून नेम धरणाऱ्या बंदुका तर एलसीडीवर चालतच नाहीत.

त्या काळच्या गेम पार्लरमध्ये आणखीही खूप काही होतं. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या उभ्या मशीनमध्ये चित्र आरशातून उलटवून रंगवलेल्या चंद्रभूमीवर टाकलेलं असायचं. शत्रू कमी होत गेले की वेग वाढतो, कारण प्रोसेसरला काढायला कमी आकृत्या उरतात. १९७९ च्या 'अ‍ॅस्टरॉइड्स'मध्ये ओळीच नाहीत, किरण थेट रेषा ओढतो आणि गोळीचा ठिपका पडद्यावर अक्षरशः पेटतो. हे अनुभव फाइलमध्ये साठवता येत नाहीत. मशीन चालू ठेवणं हाच मार्ग.

ट्यूब खरंच गेली असेल आणि एलसीडी लावायचाच असेल, तर निदान मूळ फ्रेम, हार्नेस, चॅसी कापू नका. आणि जॅमाचं आरजीबी टीव्हीच्या ०.७ व्होल्टपेक्षा खूप जोरकस असतं, रेझिस्टरने कमी केल्याशिवाय कन्व्हर्टरला देऊ नका.

---

पंधरा_किलोहर्ट्झ

पूर्ण सहमत. एक भर: चित्र अरुंद वाटलं म्हणून काही जण बी-प्लस (चॅसीचं मुख्य डीसी व्होल्टेज) वाढवतात. तसं करू नका. त्याने अ‍ॅनोडचं व्होल्टेजही चढतं आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. बी-प्लस चॅसीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवायचं, इलेक्ट्रोहोम जी०७ ला ते १२० व्होल्ट. रुंदीसाठी वेगळी कॉइल असते.

---

लाकूडकाम

मशीन हलवण्याआधी तळ बघा. पार्टिकल बोर्डाचं कॅबिनेट ओल्या फरशीवर राहिलं की खालचे दहा-बारा सेंटिमीटर फुगतात. भुसा सुटला असेल तर तेवढा भाग सरळ कापून नवा जोडा. नुसता फुगवटा असेल तर पूर्ण वाळवून पातळ लाकडी गोंद मुरवा आणि मेणकागद घालून दोन पाट्यांमध्ये शिकंज्यात दाबा. नंतर चार लेव्हलर लावा, लाकूड फरशीला टेकता कामा नये. कडेची रबरी पट्टी बहुतेक १९ मिलिमीटरची असते.

मार्की (वरची नावाची पाटी) आणि काचेवरचं चित्र मागच्या बाजूने छापलेलं असतं. ती बाजू ओल्या फडक्यानेही पुसू नका, रंगाचे पापुद्रे निघतात. बाजूच्या स्टेन्सिल चित्राला थिनर किंवा अल्कोहोल लावू नका. सौम्य साबणाचं पाणी, पिळलेलं फडकं, आणि आधी एका कोपऱ्यात चाचणी.

---

ड्रायसोल्डर

बोर्डाचं राहिलं होतं. ईप्रॉमच्या (गेमचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपच्या) खिडकीवर स्टिकर नसेल तर लावा, प्रकाशाने डेटा पुसट होतो. ईप्रॉमची एकदा कॉपी काढून चेकसम जपून ठेवा. आणि बोर्डावर लिथियम सेल आहे का ते बघा. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांत डिक्रिप्शनची किल्ली ३.६ व्होल्टच्या सेलवर जिवंत असते. सेल संपला की गेम सुरू होत नाही. किल्ली परत भरता येते, पण सेल वेळेत बदलणं त्याहून सोपं. १९८० च्या दशकातल्या विल्यम्सच्या बोर्डांत, 'डिफेंडर' वगैरे, तीन साधे एए सेल असतात. त्यांतला द्रव सांडून बोर्डाचे ट्रॅक खातो. सेल तिथून काढून वायरीने लांब बसवा.

ग्राउंडकडचा घट किती आला?

---

तीनबटणी

ग्राउंडच्या वाटेत ०.२९, +५ च्या वाटेत ०.०८. कनेक्टरला आठपैकी दोनच ग्राउंड जोडलेले, त्यातली एक पिन काळी. नवा कनेक्टर आणि किक हार्नेस मागवतोय. कपॅसिटरची यादी चॅसीचा नंबर बघून इथे टाकतो.