झूमध्ये पार्ट-टाइम काम मिळतं का? (घणसोली-ठाणे, एस.वाय. झूलॉजी)

घणसोलीची_मृ:
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात एस.वाय. बीएस्सी करतेय, प्रॅक्टिकल धरून साडेबाराला सुटते, पुढचा दिवस मोकळाच. प्राण्यांसोबत काम करायचंय, जमलं तर झूमध्येच, आणि थोडे पैसेही हवेत कारण बाबांचं काम सध्या बंद आहे, निदान पास आणि जर्नलचा खर्च माझा मी काढावा असं वाटतं. राणीच्या बागेत घेतात का स्टुडंट्सना? प्लीज खरं खरं सांगा.

कोपरखैरणेकर:
2016 ला तिथे पेंग्विन आले तेव्हा मी पण हेच विचारत फिरलो होतो. बाग महापालिकेची, त्यामुळे भरती जाहिरात काढून नाहीतर कंत्राटावर, आणि ती पण पूर्ण दिवसाची. दुपारी चार तास येऊन पिंजरा साफ केला नि पैसे घेतले असं होत नाही. कॉलेजचं पत्र घेऊन इंटर्नशिपचं विचारून बघ, पण बुधवारी जाऊ नकोस, बंद असते.

व्हेट_ताई:
मृ, मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, आता ठाण्यात क्लिनिक आहे. माझं ऐकशील तर पैसे आणि झू हे दोन वेगळे धर. पैशांसाठी क्लिनिकमध्ये असिस्टंट किंवा डॉग बोर्डिंगमध्ये विचार, संध्याकाळी सहा ते नऊ क्लिनिकवाल्यांना माणूस लागतोच. हे काम हलकं समजू नकोस, झूकीपरला जी नजर लागते ती इथेच तयार होते. बोर्डिंगला आलेला कुत्रा पहिले दोन दिवस बऱ्याचदा जेवत नाही, तेव्हा वाटी पुढे सरकवून त्याच्यावर डोळे रोखायचे नाहीत, पाठ करून शेजारी नुसतं बसायचं, मग हळूच चपचप आवाज येतो आणि तुला कळतं की आता रुळला. पाणी किती प्यायला, शी कशी झाली, कुठला पाय उचलून चालतोय, सगळं वहीत लिही. कीपर पण सकाळी आधी हेच बघतो, काल टाकलेलं किती उरलंय, विष्ठा कशी आहे, कोण कोपऱ्यात एकटं बसलंय. मांसाहारी प्राण्याच्या पिंजऱ्याला दोन दारं असतात, मागचं लावल्याशिवाय पुढचं उघडत नाहीत. ती शिस्त आत्तापासून केनेलला लाव.

आणि कामाआधी रेबीजची इंजेक्शनं घे, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी अशी तीन. नंतर चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे, आधी घेतली असली तरी पुन्हा दोन घ्यावीच लागतात.

ऐरोली_राहुल:
ताईंना अनुमोदन. एक सांगतो, पक्षी आणि इग्वाना हातात देऊन फोटो काढतात अशा एका ठिकाणी मी दोन महिने राबलो, पगार आजतागायत नाही, लेखी काहीच नव्हतं ना. मागच्या खोलीत आपला साधा हिरवा राघू ठेवलेला, चिपाडासारखा झालेला, पिसं उपटून उपटून छाती उघडी पडलेली, अजून डोळ्यासमोर येतो. देशी पोपट, तारा कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, असं काही दिसलं तर वनखात्याच्या 1926 वर कळव आणि तिथे काम धरूच नकोस. झू म्हणवणाऱ्यांकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का ते पण विचार.

कोपरखैरणेकर:
आणि घराजवळचं विसरू नका, ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ठाणे खाडी 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. सीझनमध्ये भरती-ओहोटी बघून बोटी सुटतात, गर्दी चिक्कार, व्हॉलंटियर लागतात का ते काउंटरवर जाऊन विचार, फोनवर नको. खाडीवरचे पक्षी ओळखता यायला लागले की बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, निसर्ग अभ्यासणारी संस्था) लोकांशी बोलताना पण सोपं जातं.

घणसोलीची_मृ:
खूप खूप आभार सगळ्यांचे, आईला पण वाचून दाखवलं. ताई, क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी काय येत असायला हवं?

व्हेट_ताई:
मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून धरता यायला हवं, मानेकडून सैल नको आणि छातीवर दाब नको. घरी उशीवर सराव कर. केस बांधून ये, ओढणी नको, बंद बूट घाल. आणि पगार, सुट्टी, इंजेक्शनचा खर्च कोण देणार हे पहिल्याच दिवशी लिहून घे बाळा, लाजू नकोस.