२०१२ ची वॅगन-आर घेऊ का? सर्व्हिस बुक २०१९ लाच थांबलंय

मानेवाड्याची मास्तरीण:
नमस्कार मंडळी. मी नागपूरची. बाबांना दर आठवड्याला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यावं लागतं. ऑटोत चढता-उतरताना त्यांच्या गुडघ्यांचे फार हाल होतात, म्हणून जुनी गाडी पाहून राहिले आहे. बजेट दोन लाखांच्या आसपास.

एक वॅगन-आर जवळपास पसंत पडलीय. २०१२ ची, पेट्रोल, एमएच-३१, पहिलाच मालक. अंबाझरी लेआउटमधले निवृत्त काका आहेत. मीटर ६१,४००, मागताहेत २ लाख १० हजार. सीट उंच आहे, बाबा सहज बसू शकतील.

अडलं ते सर्व्हिस बुकाशी. शेवटचा शिक्का २०१९ चा, ५८ हजारांवर. पुढची पानं कोरी. काका म्हणतात की कोविडनंतर गाडी फारशी निघालीच नाही आणि ऑइल घराजवळच्या मेकॅनिककडे बदललं. माणूस सरळ वाटतो. पण बाबांना घेऊन भर उन्हात वर्धा रोडवर गाडी बंद पडली तर मी काय करू? आरटीओकडे गाडीच्या आधीच्या तपासण्यांची नोंद पाहायला मिळते का?

प्रतापनगरकर:
एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाका. आरसीची मुदत, कितवा मालक, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा आहे का, एवढं दिसतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर दंड थकलाय का तेही पाहून घ्या.

गॅरेजवाला, उमरेड रोड:
ताई, खासगी कारची नोंदणी झाली की पुढची १५ वर्षं आरटीओत तिची कुठलीच तपासणी होत नाही. फिटनेस सर्टिफिकेट टॅक्सी-ट्रकला लागतं. पीयूसी फक्त धुराचं सांगते. ब्रेक कसे होते, गाडी कुठे ठोकली होती का, हे सरकारी कागदात सापडणार नाही. ते आपल्यालाच जमवावं लागतं.

काकांना सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. गाडी नंबरवर जुन्या जॉब कार्डांची, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदींची, प्रिंट निघते, पण ती मालकालाच देतात. बुकात शिक्के मारायचे राहून जातात, कॉम्प्युटरमध्ये मात्र तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट, सगळं असतं. सहा-सात वर्षांत साडेतीन हजार किलोमीटर होऊ शकतात, त्यात संशयास्पद काही नाही. ते टायरवरून पडताळा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. टायर जुने आणि नक्षी शाबूत असेल तर काका खरं सांगताहेत. पण मग चारही टायर बदलायचेच. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात जुनं रबर कडक होऊन तडकतं. तो खर्च आत्ताच भावातून कमी करून घ्या.

मला मीटरपेक्षा पत्त्याची जास्त काळजी वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या भागात उभ्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत होते, वर्षभर नीट चालतेही. मग वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडायला लागतात. एक दिवस हेडलाइट जातो, दुसऱ्या दिवशी गाडी स्टार्टच होत नाही, आणि दोष शोधता शोधता मालकही थकतो नि मेकॅनिकही.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. पुढचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. रोज जो भाग आत गुंडाळलेला असतो तो कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ दिसते. डिकीतलं स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवा. सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या बोल्टांवर गंज पाहा. दाराजवळचं मॅटिंग उचलून वास घ्या. इन्शुरन्सचा क्लेम नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण जुन्या गाडीला लोक फक्त थर्ड पार्टी घेतात आणि त्यात पाण्याचा क्लेम मिळतच नाही. फुल पॉलिसी असेल आणि तिच्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, ५० टक्के असेल तर मात्र पाच वर्षं क्लेम नाही, हा चांगला पुरावा.

इंजिनाची मला चिंता नाही. त्या वॅगन-आरचं एक लिटरचं इंजिन टायमिंग चेनचं आहे, बेल्टचं नाही. ऑइल वेळेवर बदललं तर दीड लाख किलोमीटरपर्यंत सहज जातं. सकाळी थंड गाडी पाहा, काकांना आधी स्टार्ट करू देऊ नका. बोनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. मग भर दुपारी एसी लावून सीताबर्डीच्या गर्दीतून चालवा. रेडिएटरचा फॅन लागतो का आणि उभ्या गाडीत एसी गार राहतो का, ते तिथेच कळेल.

मानेवाड्याची मास्तरीण:
भाऊ, किती नीट समजावलंत! आज जाऊन आले. बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ आहे, स्टेपनीखाली नुसती धूळ. काका म्हणाले, त्या पहाटे गाडी मुलाकडे अमरावतीला होती. टायर २०१७ चे आहेत, नक्षी चांगली. एकच शंका आहे: डाव्या पुढच्या फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालाय.

गॅरेजवाला, उमरेड रोड:
म्हणजे फेंडर कधीतरी काढला होता. फेंडर हा बोल्टवरचा पत्रा आहे, तेवढ्याने गाडी वाईट ठरत नाही. आतला एप्रन, म्हणजे फेंडरमागचा वेल्डिंग केलेला पत्रा, पाहा. वेल्डिंगचे गोल ठिपके उजव्या-डाव्या बाजूला सारखे असतील तर मार आतपर्यंत गेलेला नाही. एकदा लिफ्टवर चढवून खालूनही पाहा. एअरबॅग आहेत का तेही विचारा, त्या वर्षीच्या साध्या मॉडेलमध्ये नसतात. तुम्ही बाबांना नेणार आहात, म्हणून सांगतो.

प्रतापनगरकर:
आरसी २०२७ ला संपेल हेही धरा. तेव्हा फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. २०२२ पासून त्याची फी ५ हजार आहे, वर पर्यावरण कर. नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट लागली नसेल तर तीही काकांकडूनच लावून घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करा. या सगळ्याचा हिशोब दाखवून १ लाख ८० हजारांपासून बोलणी सुरू करा.