भावाची कंपनी चायना मालामुळे बंद होतेय, सरकारकडून काही मिळतं का?

बोईसरचा_पप्या
मंडळी जरा अर्जंट आहे. माझा थोरला भाऊ तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत 14 वर्षं ऑपरेटर आहे, औषधांच्या कच्च्या मालाचं काम. तोच माल चीनवरून इतका स्वस्त यायला लागलाय की मालक म्हणतो आपण ज्या भावात रॉ मटेरियल घेतो त्या भावात त्यांचा तयार माल बंदरात उतरतो, मग आधी नाईट शिफ्ट बंद केली, आता म्हणे गेटलाच टाळं. पगार 19 हजार, त्यात बेसिक-डीए 13. काल एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला, सही कर 60 हजार घे, उद्या तेही मिळणार नाहीत. दादाने चष्मा विसरलो सांगून वेळ मारून नेली. कुठेतरी वाचलेलं की इंपोर्टमुळे नोकरी गेली तर सरकार पैसे आणि ट्रेनिंग देतं, आपल्याकडे आहे का असं काही?

रिटायर्ड_फिटर
पहिलं काम, दादाचा चष्मा इतक्यात सापडू देऊ नका. राजीनामा दिला की सगळं मुसळ केरात.
इंपोर्टमुळे गेली म्हणून वेगळी स्कीम आपल्याकडे नाही. पण ईएसआयमध्ये, म्हणजे पगारातून कापतात त्या कामगार राज्य विम्यात, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, 2005 पासून. कंपनी बंद पडली किंवा कपात झाली तर बेकारी भत्ता, जास्तीत जास्त 24 महिने, पहिलं वर्ष सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के, दुसरं वर्ष 25, आणि घरच्यांची दवापाणी चालू राहते. मात्र स्वतःहून सोडली किंवा व्हीआरएस घेतली तर नाही, म्हणून तर तो कागद पुढे करतायत. ईएसआयचीच अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना वेगळी, ती 90 दिवसांची, दोन्हींत घोळ करू नका.
आता हिशोब बघा. ग्रॅच्युइटी: 13 हजार भागिले 26, म्हणजे 500, गुणिले 15, गुणिले 14 वर्षं. 1 लाख 5 हजार झाले, आणि ही राजीनामा दिला तरी द्यावीच लागते, उपकार नाही. त्याशिवाय कपातीची भरपाई वर्षाला 15 दिवसांचा पगार, ती साधारण तेवढीच. आणि 60 हजार देतायत!
माझे वडील गिरणीत होते, तेव्हा 1986 ची गिरणी कामगारांसाठी खास स्कीम होती, पहिल्या वर्षी 75 टक्के, मग 50, मग 25. आमच्या घरी तेव्हा ते 75 पण दिवाळीपर्यंत पुरत नव्हते, असो.

कॅरोलिनाकर
तुम्ही वाचलंत ते बहुतेक अमेरिकेतलं, ट्रेड अॅडजस्टमेंट असिस्टन्स. केनेडींच्या काळात 1962 ला आलं. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, इथे हिकरीच्या बाजूला फर्निचरचे कारखाने चायना मालाने धडाधड बसले. तिघा कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा, लेबर डिपार्टमेंट तपासायचं की खरंच इंपोर्टमुळे गेली का, मग कॉलेजची फी आणि शिकताना भत्ता. पन्नाशीच्या पुढच्यांना कमी पगाराची नोकरी लागली तर फरकातले निम्मे सरकार द्यायचं, दोन वर्षांत 10 हजार डॉलरपर्यंत. आमचे शेजारी 54 व्या वर्षी सोफ्याला कापड चढवायचं सोडून एसी रिपेरिंग शिकले, वर्गात सगळी नातवाच्या वयाची पोरं. पण 1 जुलै 2022 पासून नवीन अर्जांना मंजुरीच बंद आहे, संसदेने मुदत वाढवली नाही. तेव्हा इकडचं बघून हळहळू नका.

सुई_दोरा
आपल्याकडे उलटं आहे. स्वस्त माल आला की कंपन्या दिल्लीला डीजीटीआरकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे धावतात, मग त्या स्वस्त इंपोर्टवर जादा कर, अँटी डंपिंग ड्यूटी, लागते साधारण 5 वर्षं, ते पैसे सरकारी तिजोरीत, भाव सुधारतो मालकाचा, कामगाराच्या हातात त्यातला छदाम नाही.
बाकी फिटरकाकांचं बरोबर, फक्त ईएसआय खरंच भरलाय का ते आधी पोर्टलवर बघा. माझ्या नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टरने वर्षानुवर्षं पगारातून कापला आणि भरलाच नाही, आम्हाला कळलं माझ्या बाळंतपणाच्या वेळी, काउंटरवर. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड आलेत, त्यात कपात झालेल्यासाठी मालकाने अजून 15 दिवसांचा पगार रीस्किलिंग फंडात, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या फंडात, भरायचाय, तोही मागा.

बोईसरचा_पप्या
काका, ताई, सगळ्यांचे आभार. दादाला वाचून दाखवलं, 1 लाख 5 हजार ऐकून दोनदा परत हिशोब करायला लावला. युनियन नाहीये पण आता 11 जण एकत्र जाणारेत, केबिनमध्ये एकेकटं जायचं नाही असं ठरलंय. पोर्टलवर बघितलं तर 2019 चे पाच महिने रिकामे दिसतायत. त्या वर्षीच्या पगाराच्या स्लिपा वहिनीने लग्नाच्या पेटीत ठेवल्यात म्हणे, पेटी माळ्यावर आहे, आत्ता शिडी आणायला चाललोय.