व्हेंडर रिक्वेस्टचा स्टेटस उशिरा द्यायचा आहे, होस्टवर -११० येतो

महापे_बेंच

मंडळी, महापे एमआयडीसीतल्या एका असेंब्ली लाइनवरच्या टेस्ट-जिगसाठी लिनक्सचा यूएसबी गॅजेट ड्रायव्हर (यूएसबीच्या डिव्हाइस बाजूचा; समोरचा संगणक तो होस्ट) लिहितोय. डीडब्ल्यूसी२ हा यूएसबी कंट्रोलर, हाय-स्पीड, कॉन्फिगएफएसमधून (कर्नलची गॅजेट मांडायची सोय) जोडलेलं स्वतःचं फंक्शन. रिक्वेस्ट व्हेंडर, म्हणजे आम्हीच ठरवलेल्या. तीन ठिकाणी अडलंय.

१) ‘कॅलिब्रेशन साठव’ या रिक्वेस्टला डेटा नाही. आयटूसी ईप्रॉमची ८ पानं लिहायची, पानाला ५ मिलिसेकंद, म्हणजे ४० च्या आसपास. सेटअप कॉलबॅकमध्ये (रिक्वेस्ट आली की कर्नल बोलावतो तो कोड) थेट लिहिलं तर ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’, म्हणजे झोपता येत नाही तिथे झोपल्याची चूक. म्हणून काम वर्कक्यूत (मागाहून चालणाऱ्या कामांची रांग) टाकलं, कॉलबॅकमधून ‘डिलेड स्टेटस’ (पोच नंतर देतो) परत केलं आणि काम संपल्यावर यूएसबी_कॉम्पोझिट_सेटअप_कंटिन्यू बोलावलं. कर्नल ‘अनएक्स्पेक्टेड कॉल’ असं छापतो आणि होस्ट ५ सेकंद वाट बघून -११० (टाइमआउट) देतो.

२) दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये होस्ट २४ बाइट पाठवतो. कॉलबॅकमध्ये बफर वाचला तर मागच्याच रिक्वेस्टचा मजकूर दिसतो.

३) याच कॉन्फिगरेशनमध्ये एसीएम (यूएसबीवरचा सीरियल पोर्ट) फंक्शन जोडलं की माझ्या सगळ्या रिक्वेस्टना -३२ (स्टॉल, म्हणजे डिव्हाइसचा नकार). एसीएम काढलं की चालू. रिक्वेस्ट टाइप हेक्स ४० आणि सी० आहेत.

ऐरोली_ईपी०

तिसऱ्यापासून सुरू करतो, ते दोन मिनिटांचं आहे. ४० आणि सी० म्हणजे रिक्वेस्ट ‘डिव्हाइस’ला उद्देशून. अशी अनोळखी रिक्वेस्ट आली की कॉम्पोझिट लेयर (फंक्शनं एकत्र चालवणारा कर्नलचा थर) आधी प्रत्येक फंक्शनचा रेक_मॅच (‘ही रिक्वेस्ट तुझी का?’ याचा कॉलबॅक) विचारतो, मग कॉन्फिगरेशनचा स्वतःचा सेटअप. तिथेही कोणी नसेल आणि कॉन्फिगरेशनमध्ये एकच फंक्शन असेल, तर त्यालाच देऊन टाकतो. इतके दिवस तुमचं त्या सवलतीवर चाललं होतं. एसीएम आल्यावर फंक्शनं दोन झाली, सवलत संपली, स्टॉल झाला. टाइप ४१ आणि सी१ करा आणि सेटअपमधल्या डब्ल्यूइंडेक्सच्या खालच्या बाइटमध्ये इंटरफेस क्रमांक घाला. होस्टचं सॉफ्टवेअर बदलता येत नसेल तर रेक_मॅच लिहा, पण त्यात बीरिक्वेस्टचा, म्हणजे कोणती रिक्वेस्ट याचा, आकडा नीट तपासा, नाहीतर शेजाऱ्याची टपाल तुमच्या दारात.

आता पहिलं. कंटिन्यू हे फंक्शन फक्त सेट-कॉन्फिगरेशन आणि सेट-इंटरफेससाठी आहे. उशिराचा मोजणी-आकडा कॉम्पोझिट लेयर त्या दोनच ठिकाणी वाढवतो. तुमच्या व्हेंडर रिक्वेस्टला तो शून्यच राहतो, म्हणून ताकीद छापून गाडी तिथेच थांबते आणि स्टेटसचं पाकीट कोणीच रांगेत लावत नाही. कंट्रोलर होस्टला नॅक (‘अजून तयार नाही’) देत राहतो, होस्टचा धीर सुटतो, -११०.

करायचं असं. डिलेड स्टेटस परत करणं बरोबरच आहे. काम झाल्यावर ईपी० (कंट्रोल रिक्वेस्टांचा एंडपॉइंट) वर शून्य लांबीची रिक्वेस्ट यूएसबी_ईपी_क्यूने तुम्ही स्वतः लावा. काम फसलं असेल तर त्याऐवजी यूएसबी_ईपी_सेट_हॉल्ट. फंक्शनएफएस (यूजरस्पेसमधून फंक्शन लिहायची कर्नलची सोय) हेच करतो: डब्ल्यूलेंग्थ (सेटअपमधली डेटाची लांबी) शून्य असेल तर डिलेड स्टेटस, नसेल तर ०, आणि पुढचं यूजरस्पेसच्या हातात.

यासाठी कॉम्पोझिटची सामायिक रिक्वेस्ट वापरू नका. प्रत्येक नव्या सेटअपला तिची लांबी आणि कंप्लीट कॉलबॅक पुन्हा भरले जातात. बाइंडमध्ये स्वतःची वेगळी घ्या, अनबाइंडमध्ये डीक्यू करून (रांगेतून काढून) सोडा.

आणि मुख्य खाच इथे आहे: होस्टने मधेच सोडून नवा सेटअप पाठवला तर डिव्हाइसला तो घ्यावाच लागतो. तुमचं जुनं काम तेव्हा वर्कक्यूत चालूच असतं. ते संपून स्टेटस लावेल तो नव्या रिक्वेस्टचा म्हणून जाईल! सेटअपमध्ये स्पिनलॉकखाली एक क्रमांक वाढवा, कामाला तो बरोबर द्या आणि क्यू करण्याआधी जुळतोय का बघा. डिसेबल कॉलबॅकमध्येही क्रमांक वाढवा. कॅन्सल_वर्क_सिंक मात्र डिसेबलमध्ये नको, तिथे झोपता येत नाही. त्याची जागा अनबाइंड.

घोडबंदर_कर्नल

दुसऱ्याचं उत्तर ‘बफर’ या शब्दातच आहे. सेटअप कॉलबॅकला मिळतात फक्त सेटअपचे ८ बाइट. आउटचा (होस्टकडून येणारा) डेटा तेव्हा तारेवरसुद्धा आलेला नसतो. रिक्वेस्टची लांबी डब्ल्यूलेंग्थएवढी ठेवून (२४ पेक्षा जास्त मागितलं तर आधीच ऋण आकडा परत करून स्टॉल), कंप्लीट लावून, जीएफपी_अ‍ॅटॉमिकने (न झोपता मेमरी मागायची खूण) क्यू करा. बाइट वाचायचे ते कंप्लीटमध्ये, आणि तेही स्टेटस ० आहे आणि अ‍ॅक्च्युअल (प्रत्यक्ष आलेले बाइट) बरोबर २४ आहे हे बघूनच. केबल ओढली तरी कंप्लीट येतो, फक्त ऋण स्टेटस घेऊन. डब्ल्यूव्हॅल्यू वगैरे लिटल-एंडियन आहेत. एआरएमवर न बदलता चालतात म्हणून ले१६_टू_सीपीयू विसरू नका.

ऐरोलीकरांच्या उपायात एक भर. डेटा असलेल्या आउट रिक्वेस्टला डिलेड स्टेटसचा भरवसा धरू नका. बहुतेक कंट्रोलर ड्रायव्हर डेटा आला की स्टेटस आपणहून पाठवतात. कंप्लीटमध्ये २४ बाइटांचा चेकसम चुकला म्हणून हॉल्ट केलंत, तरी तोवर होस्टला ‘मिळालं’ असं कळून गेलेलं असू शकतं. म्हणून ‘मिळालं’ आणि ‘जमलं’ हे दोन निरोप वेगळे ठेवा: आउटने डेटा द्या, मग वेगळ्या इन (होस्टकडे डेटा नेणाऱ्या) रिक्वेस्टने निकाल विचारा. फर्मवेअर भरायचा डीएफयू प्रोटोकॉल असाच आहे. डाउनलोडनंतर गेट-स्टेटस, आणि त्यात पुन्हा कधी विचारायचं तो वेळही डिव्हाइसच सांगतो.

माझं मत विचाराल तर ४० मिलिसेकंदांसाठी स्टेटस अडवणं ठीक. उद्या कोणी तिथे २ सेकंदांचं फ्लॅश इरेज घातलं तर हीच डीएफयूची पद्धत लावा. तेवढा वेळ ईपी० अडला की एसीएमची लाइन-कोडिंगही (बॉड रेट वगैरे) त्याच दारात खोळंबते.

महापे_बेंच

४१/सी१ केलं, एसीएमसकट चालतंय. स्वतःची शून्य लांबीची रिक्वेस्टही बसली, ताकीद गेली. आता एक नवंच: निकाल वाचायची इन रिक्वेस्ट होस्ट २५५ बाइट मागून करतो. ६० बाइटांचं उत्तर येतं, ६४ चं दिलं की -११०. यूएसबीमॉनमध्ये (होस्टवरची यूएसबीची नोंद) काहीच वावगं दिसत नाही.

ऐरोली_ईपी०

हाय-स्पीडला ईपी० चं पाकीट ६४ चं. ६० चं पाकीट आखूड, म्हणून होस्टला शेवट कळतो. ६४ चं भरलेलं आलं आणि मागितले होते २५५, तर होस्ट पुढच्या पाकिटाची वाट बघतो. मागे शून्य लांबीचं पाकीट हवं. क्यू करण्याआधी रिक्वेस्टच्या ‘झिरो’ खुणेत ‘लांबी डब्ल्यूलेंग्थपेक्षा कमी आहे का’ याचं उत्तर टाका. ६४ च्या पटीचा हिशोब कंट्रोलर ड्रायव्हर करतो. एसीएमच्या कोडमधून उचललं असेल तर तिथे ही खूण ० आहे, कारण त्याचं उत्तर कायम ७ बाइटांचं. आणि उत्तराची लांबी व डब्ल्यूलेंग्थ या दोहोंतली लहान घ्या, मागितल्यापेक्षा जास्त पाठवलं तर होस्टवर -७५ (ओव्हरफ्लो).

यूएसबीमॉनला फक्त होस्टचे यूआरबी (ड्रायव्हरने टाकलेल्या यूएसबी मागण्या) दिसतात, तारेवरचे नॅक आणि रिकामी पाकिटं नाहीत. त्यासाठी हार्डवेअर अ‍ॅनालायझर लागेल. क्रमांक जुळवण्याचं लॉजिक मात्र डमी_एचसीडी (हार्डवेअरविना होस्ट आणि डिव्हाइस दोन्ही उभं करणारं मॉड्यूल) लोड करून लॅपटॉपवरच तपासा. होस्टचा टाइमआउट १० मिलिसेकंद ठेवा, साठवण्याची रिक्वेस्ट शंभरदा मारा आणि प्रत्येकीमागे लगेच निकालाची मारा. क्रमांक विसरला असाल तर तिथे दिसेल.